मुलाचं पार्सल आणि सासूबाईंची भाकरी

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचं पत्र आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. घर शाकाहारी, सासूबाई माळकरी. यजमान ५२ वर्षांचे, वजन ७१ किलो, टॉवेल-चादरींच्या दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसून. तीन महिन्यांपूर्वी तपासणी केली तेव्हा एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८ निघालं. डॉक्टर म्हणाले, ‘मधुमेह अजून झालेला नाही, पण उंबऱ्यावर आहे. सहा महिने खाणं सांभाळा, चाला, मग गोळीचं बघू.’ पुण्यात नोकरीला असलेला मुलगा हे ऐकून कामाला लागला. दर महिन्याला त्याचं पार्सल येतं: मल्टिग्रेन आटा, ओट्स, चिया, प्रोटीन पावडर, ‘डायबेटिक’ बिस्किटं, सफरचंदाचं व्हिनेगर. शिवाय प्रोबायोटिक पेयाच्या बाटल्या तो इथल्या दुकानातून घरपोच मागवतो. ‘आई, ही फंक्शनल फूड्स आहेत, साधं खाणं नाही,’ असं फोनवर समजावतो. महिन्याचा खर्च साडेचार हजारांच्या घरात, तो तोच करतो. इकडे सासूबाईंचं एकच म्हणणं: ‘ज्वारीची भाकर खाणाऱ्याला कसली शुगर? तुझे सासरे लक्ष्मी-विष्णू गिरणीत होते, चार-चार भाकरी खायचे, त्यांना झाली का?’ त्या रोज सकाळी आपल्या मुलाला, म्हणजे ताईंच्या यजमानांना, मेथीचं पाणी देतात. यजमान कुणाचंच मन मोडत नाहीत, दोन्हीकडचं खातात. ताई लिहितात, ‘माझा स्वयंपाक दुप्पट झाला, यांचं वजन दोन किलोनं वाढलं. रात्री तळपायाला मुंग्या येतात म्हणतात, ती शुगरच असणार. मी कुणाचं ऐकू? भाकरी खरी की पार्सल?’

ताई,

भाकरी आणि पार्सलाकडे येतेच, पण आधी ते तळपाय.

एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर पूर्वमधुमेह म्हणतात, ६.५ पासून मधुमेह. तुमचे यजमान या मधल्या पट्ट्यात आहेत. इथेही काहींच्या पायांच्या नसांना त्रास सुरू होतो, त्यामुळे तुमचा संशय अगदीच वावगा नाही. पण जन्मापासून शाकाहारी असलेल्या माणसाला मुंग्या येतात म्हटलं की मी आधी बी-१२ बद्दल विचारते. हे जीवनसत्त्व धान्यात, कडधान्यात, भाजीपाल्यात नसतं. दूध-दह्यातून मिळतं, पण दिवसाला दोन कप चहापुरतं दूध आणि जेवणात घोटभर ताक एवढ्यावर भागेलच असं नाही. कमतरता लांबली की हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा असं काय काय सुरू होतं, आणि घरात शुगरचा कागद आधीच येऊन पडलेला असला की सगळं खापर शुगरवर फुटतं. त्यातून बी-१२ किंवा लोह कमी पडून रक्तक्षय झालेला असेल तर एचबीएवनसीचा आकडाही आहे त्यापेक्षा वर दिसू शकतो. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना मुंग्यांबद्दल सांगा आणि बी-१२ व हिमोग्राम (रक्तपेशींची तपासणी) करायचं का ते विचारा. आधी रक्त द्यायचं, मग गोळी. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून मेडिकलमधून बी-१२ च्या गोळ्यांची पट्टी आणून आधीच सुरू केलीत तर तपासणीत खरं चित्र दिसणार नाही.

आता गंमत बघा. तीन महिने घरात दोन पक्ष हिरीरीनं भांडताहेत. भाकरीत बी-१२ नाही, मेथीत नाही, ओट्समध्ये नाही, चियात नाही. पावडरीच्या डब्यात थोडं घातलेलं असेलही, पण कमतरता असली तर तेवढ्यानं ती भरून निघत नाही. म्हणजे यजमानांना ज्याची कदाचित खरी गरज आहे, ते दोन्ही पक्षांच्या हातून निसटलं. ‘भाकरी की पार्सल’ या प्रश्नात मला खटकतं ते एवढंच. पदार्थ चांगला की वाईट यावर वाद चाललाय, आणि या माणसाला नेमकं काय कमी पडतंय, काय जास्त होतंय, हे कुणी विचारलेलंच नाही.

तुमच्या मुलाचा शब्द मात्र पोकळ नाही. पोट भरण्यापलीकडे शरीराच्या एखाद्या ठरावीक कामाला दाखवून देता येईल असा फायदा करणारं अन्न, अशी ती कल्पना आहे. तिचं मूळ जपानात. तिथल्या सरकारनं १९८० च्या दशकात या संशोधनाला पैसा दिला आणि १९९१ मध्ये फोशू नावाची व्यवस्था आणली. पदार्थानं आधी पुरावा सादर करायचा, तो पटला तरच सरकारी परवानगीनं पाकिटावर आरोग्याचा दावा छापायचा. आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात फंक्शनल फूड हा शब्द आला आणि २०१६ मध्ये त्याचे नियम निघाले. रोग बरा करतो असा दावा असल्या पदार्थाला करता येत नाही. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर तर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ इंग्रजीत छापावीच लागते. पावडरीचा डबा फिरवून बघा, बारीक अक्षरात कुठेतरी असेल. ‘हेल्थ ड्रिंक’ हा शब्द तर आपल्या अन्नकायद्यात कुठे व्याख्येसकट नाहीच. म्हणून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना दूध, धान्य किंवा माल्टची पेयं त्या नावाखाली विकू नका असं बजावलं.

आणि अशा अन्नाचं आपल्याकडचं सगळ्यात यशस्वी उदाहरण तुमच्या ओट्यावरच आहे, आयोडिनचं मीठ. त्याचं कौतुक कुणी करत नाही, पण गलगंड मागे हटला तो त्याच्यामुळे. ते का लागू पडलं? लोकांच्या शरीरात आयोडिन कमी पडतंय हे आधी माहीत होतं. किती घालायचं ते मोजून ठरवलेलं होतं. आणि ते साध्या मिठाच्या जागी आलं, आधीच्या मिठावर आणखी एक मीठ म्हणून कुणी खाल्लं नाही. पार्सलातली एकेक वस्तू याच तीन प्रश्नांवर घासून बघा: कशासाठी, किती, आणि कशाच्या जागी? तुमच्या घरात तिसऱ्या प्रश्नावर घोडं अडलंय. सकाळी मेथीचं पाणी, मग व्हिनेगर, मग ओट्स, दुपारी भाकऱ्या त्या आहेतच, चारच्या चहाला बिस्किटं, रात्री भाकरीवर आणखी मल्टिग्रेनची पोळी आणि झोपताना पावडरीचं दूध. नवं सगळं आलं, जुनं काहीच गेलं नाही. वजन वाढेल नाहीतर काय होईल?

आधी मल्टिग्रेनचं पाकीट घ्या, चष्मा लावा आणि घटकांची यादी वाचा. जो घटक वजनानं सगळ्यात जास्त तो आधी, असा त्या यादीचा क्रम नियमानंच ठरलेला असतो. बऱ्याच पाकिटांत पहिलं नाव गव्हाचं, पुढे ८५ किंवा ९० टक्के, आणि पुढच्या बाजूला चित्रात जी सहा-सात धान्यांची रास दिसते ती सगळी मिळून उरलेल्या १०-१५ टक्क्यांत. पीठ वाईट नसतं, गव्हाचंच असतं एवढंच. ‘हाय फायबर’ची गोष्टही तशीच. १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम तंतू असले की हा दावा छापता येतो. चाळून कोंडा न काढलेल्या साध्या गव्हाच्या पिठात ते ११ ग्रॅमच्या आसपास असतात, ज्वारीच्या पिठात १०. तुमच्या चौकातल्या गिरणीवाल्यानं मनात आणलं तर तोही पिठाच्या पिशवीवर ‘हाय फायबर’ छापू शकेल! हा आटा बंद केलात तर काही बिघडणार नाही.

इथवर वाचून सासूबाई खूश झाल्या असतील. पण आता त्यांची पाळी.

सोलापूर जिल्ह्यात ज्वारीबद्दल वेडंवाकडं लिहायचं म्हणजे धाडसच. ज्वारीचं मालदांडी हे प्रसिद्ध वाण निवडलं गेलं ते मोहोळला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, थंडीत हुरड्याला पुण्या-मुंबईची मंडळी इकडे येतात. ज्वारी उत्तम धान्य आहे, तिच्यात ग्लुटेन नाही, ती सावकाश जिरते आणि पोटाला आधार देते. तरीही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची कोष्टकं उघडली तर १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं ६८ ग्रॅमच्या आसपास आणि गव्हाच्या पिठात ६४. ज्वारी म्हणजे साखर वाढणारच नाही, हा समज तिथेच गळून पडतो. घरी एकदा करून बघा: एका भाकरीला घेता तेवढं पीठ परातीत काढायच्या आधी काट्यावर ठेवा. सोलापुरी हाताची भाकरी साधारण ६० ग्रॅम पिठाची होते. तीन भाकऱ्या म्हणजे १८० ग्रॅम पीठ, ६०० कॅलरी आणि १२० ग्रॅमवर कर्बोदकं, एका बसणीत. कडक भाकरीनं तर आणखी फसायला होतं. ती चहाबरोबर मोडता मोडता संपते, हलकी लागते, पण तिच्यातलं पाणी तेवढं उडालेलं असतं, पीठ जिथल्या तिथे असतं.

सासऱ्यांचा दाखला सासूबाई देतात तो खोटा नसेल. पण ते पाळीला साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, आठ तास उभे असायचे, भोंगा झाला की चालत जायचे-यायचे. त्यांच्या चार भाकऱ्या साच्यावर खर्ची पडायच्या. तुमच्या यजमानांच्या तीन भाकऱ्या गल्ल्यावर बसून राहतात. शिवाय त्या काळी शुगर तपासायला जात होतं कोण?

मग करायचं काय? भाकरी दोनवर आणा, आणि तिसरीच्या जागी वाटीभर घट्ट उसळ. मटकी, हुलगे, चवळी, जे घरात असेल ते. ताटात आधी पालेभाजी आणि कोशिंबीर संपवायची, मग उसळ, भाकरी शेवटी. याच क्रमानं खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते असं छोट्या छोट्या अभ्यासांत दिसलंय, आणि यात दमडीचा खर्च नाही. थंडीत आपल्या बाजारात करडईची कोवळी भाजी येते, चाकवत येतो, घोळ मिळते. एवढी पालेभाजी दाराशी असताना वाळवलेल्या पाल्याची हिरवी पावडर डब्यातून मागवणं मला तरी पटत नाही. शेंगाचटणी चालेल, पण मोजून: ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात तशा दीडशेवर कॅलरीही मिळतात. दोन चमचे चटणी आणि तिच्यावर तेलाची धार नको.

पार्सलातलं ठेवायचं असेल तर ओट्स ठेवा. कारण इथे तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात. यजमानांचं एलडीएल १४८ आहे, म्हणजे कशासाठी ते ठरलं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू असतो. तो रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर एलडीएल थोडं उतरतं, आणि हा पुरावा इतका पक्का आहे की अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं १९९७ मध्येच तसा दावा छापायला परवानगी दिली. ३ ग्रॅमसाठी साधारण ७० ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. दुधात भुरभुरलेल्या दोन चमच्यांनी काही होत नाही. आणि हे सत्तर ग्रॅम सकाळच्या पोह्यांच्या, उपम्याच्या जागी जायला हवेत. मसाला ओट्सची तयार पाकिटं नकोत, त्यांत मीठ फार. साधे आणून कांदा, गाजर, मटार घालून तिखटामिठाचे करा. सकाळी ओट्स नको वाटत असतील त्यांनी जव आणावेत, हाच तंतू त्यांतही असतो. इसबगोलाचाही एलडीएलवर असाच उपयोग आहे. तो भरपूर पाण्याबरोबर घ्यायचा आणि इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवायचा. इतकं सगळं करून एलडीएल पाच-दहा टक्के खाली येईल. ज्यांचं १९० आहे किंवा ज्यांना हृदयविकार झालेला आहे त्यांनी ओट्सच्या भरवशावर गोळी टाळू नये.

चियाऐवजी जवस. दोन्हीकडे ओमेगा-३ आहे, जवसात ते किंचित जास्तच, आणि भाव कितीतरी कमी. मात्र अख्खं जवस जसं गेलं तसं बाहेर पडतं, ते दळलेलं किंवा कुटलेलंच हवं. मंद आचेवर भाजून, लसूण-तिखट घालून आठ-दहा दिवसांपुरतीच चटणी करा, कारण कुटल्यावर तेलाला लवकर खवट वास येतो. आणखी एक खरं सांगून ठेवते: वनस्पतीतल्या ओमेगा-३ चं माशातल्या प्रकारात रूपांतर करण्याची आपल्या शरीराची ताकद थोडीच असते. जवस चांगलंच आहे, पण त्याला माशाच्या तेलाइतकं मानू नका.

‘डायबेटिक’ बिस्किटं बंद करा, लगेच. ‘शुगर फ्री’ म्हणजे १०० ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही, एवढाच अर्थ. मैदा, तेल, माल्टोडेक्स्ट्रिन यांबद्दल तो शब्द काही बोलत नाही. साधं बिस्किट माणूस दोन खाऊन थांबतो, हे मधुमेहाचं म्हणून पाच खातो. चारच्या चहाला मूठभर फुटाणे द्या.

व्हिनेगरचा उपयोग असलाच तर किरकोळ, दातांचं आणि घशाचं नुकसान मात्र नक्की होऊ शकतं. प्रोबायोटिक बाटलीवर साखरेचा आकडा वाचा, एवढ्याशा बाटलीत दोन चमचे साखर असू शकते. घरच्या विरजणात ठरावीक जातीचे, ठरावीक संख्येचे जीवाणू नसतात, त्यामुळे काटेकोर व्याख्येनं दही प्रोबायोटिक ठरत नाही. पण तुमच्या यजमानांच्या पोटाची काही तक्रारच नसताना ती व्याख्या गाठायची गरज काय? वाटीभर दही जास्त घेतलं तर प्रथिनं आणि थोडं बी-१२ तरी पदरात पडेल.

पावडरीवर जरा थांबते, कारण याबद्दल मला तरुण मुलांच्या आयांचीही पत्रं येतात. प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे तुमच्या यजमानांना ५९ ग्रॅम. दिवसभराच्या चार भाकऱ्यांचे २४, तीन वाट्या घट्ट वरण-उसळीचे २०-२१, दूध-दह्याचे १०, फुटाणे किंवा शेंगाचे सहा-सात. हिशेब जुळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतही प्रथिनांच्या पावडरी टाळा असंच म्हटलंय. आजारपणातून उठलेल्याला, जेवण न जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर पावडर देतात तेव्हा ती जरूर द्यावी. ज्यांच्या मूत्रपिंडाला त्रास आहे त्यांनी मात्र स्वतःच्या मनानं डब्याला हात लावू नये.

हळदीच्या कॅप्सूलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण इतरांची पत्रं बरीच येतात म्हणून सांगते. फोडणीतली हळद वेगळी आणि तिचा अर्क काढून, शरीरात जास्त शोषला जावा म्हणून मिरीचा अर्क मिसळून केलेली कॅप्सूल वेगळी. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण परदेशात नोंदले गेलेत. जे अन्नात चांगलं ते गोळीत दाबून भरलं की दुप्पट चांगलं, हा समज फिनलंडमध्ये १९९४ साली फार महागात पडला. धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर तो प्रयोग झाला. गाजर खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो म्हणून त्यांतल्या काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या, आणि त्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. कच्चं गाजर खाऊन असं कुणाचं झालेलं ऐकिवात नाही.

बरं, आकडा खाली कशानं येतो? अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पूर्वमधुमेहींनी वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं असं ध्येय ठेवलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे २००६ च्या अशाच अभ्यासात ते २८ टक्क्यांच्या आसपास घटलं, म्हणजे कमी, पण फुकटात. तुमच्या घरासाठी सात टक्के म्हणजे पाच किलो. सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसा चाला म्हणणं म्हणजे चेष्टा, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं. कंबर तलावापर्यंतच जायला हवं असं नाही, कॉलनीच्या रस्त्यावर फेऱ्या चालतात. जेवणानंतर लगेचचं चालणं साखरेला जास्त लागू पडतं.

मुलाला ‘पार्सल बंद कर’ असं सांगू नका. लांब राहून बापाच्या आजारपणात त्याला दुसरं काय करता येणार होतं? त्याला दुसरं काम द्या. एक चांगला डिजिटल वजनकाटा, दर तीन-चार महिन्यांच्या तपासण्यांचे पैसे, बाबांसाठी चालायचे बूट, हे त्याच साडेचार हजारांत बसून पैसे उरतील. आणि रात्री नऊला त्यानं बाबांना फोन करायचा, बोलता बोलता त्यांच्या फेऱ्या होतील. पावडर पाठवण्यापेक्षा हे अवघड आहे, रोज करावं लागतं. करेल तो.

सासूबाईंशी वाद घालून जिंकायच्या फंदात पडू नका. ‘भाकरी बंद’ हा शब्द घरात उच्चारायचाच नाही, कारण ती बंद होतही नाहीये. जवसाची चटणी त्यांच्या हातची होऊ दे. कुठली भाजी आणायची ते त्यांना ठरवू द्या, घोळ आणि तांदुळजा निवडायला त्यांच्याइतकं आपल्याला जमत नाही. फक्त वाढायचं तुम्ही. ‘अजून अर्धी घे रे’ ही अर्धी भाकरीच रोज गुपचूप वाढत असणार, असा माझा अंदाज आहे. भाकऱ्या मोजून टोपल्यात ठेवल्या की तो प्रश्न बोलून दाखवायचीही गरज पडत नाही.

आणि तुम्ही, ताई? दुप्पट स्वयंपाकाचं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. शुगरवाल्याचं वेगळं आणि इतरांचं वेगळं करायचं कारण नाही, वर लिहिलेलं ताट घरातल्या सगळ्यांना चालतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या मधुमेह पाहणीनुसार देशात १३.६ कोटी लोक पूर्वमधुमेहाच्या पट्ट्यात आहेत. यजमानांच्या बरोबरीनं तुमचंही रक्त एकदा तपासून घ्या. घर शाकाहारी आहे, तेव्हा तुमचं बी-१२ सुद्धा. दूध आणि तेल घेताना पाकिटावर निळ्या रंगात ‘+एफ’ची खूण बघा, त्यांत अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं. भाव जवळपास तोच, आणि वेगळं काही खावं लागत नाही.

एचबीएवनसी पुन्हा तीन महिन्यांनीच करा. त्यात साधारण तेवढ्या काळाची सरासरी दिसते, दर पंधरवड्याला करून उगाच जीव टांगणीला लागतो. मेथीचं पाणी चालू राहायला हरकत नाही. मेथीवर राष्ट्रीय पोषण संस्थेत अभ्यास झालेत आणि साखर उतरल्याचं दिसलंय, पण तिथे मेथीची पूड रोज २५ ग्रॅम आणि त्याहून जास्त दिलेली होती, भिजवलेल्या चमचाभर दाण्यांच्या पाण्याकडून तेवढी अपेक्षा धरू नका. पुढे डॉक्टरांनी गोळी सुरू केलीच तर मेथी चालू असल्याचं त्यांना आधी सांगा. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी तर नक्कीच सांगायचं. आणि डॉक्टरांनी दिलेली साखरेची गोळी मेटफॉर्मिन असली तर बी-१२ ची तपासणी वर्षातून एकदा मागून घ्या. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ आणखी कमी होत जातं, आणि शाकाहारी घरात मुळात शिल्लक कमीच असते.